मास्तरची झिनिया

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

जळकोट, तालुका तुळजापूर
भाद्रपद वद्य, सोमवार, सन १९६१

तीर्थस्वरूप रेवणसिद्ध अण्णा यांच्या पायाशी,

जळकोटहून तुमचा मेहुणा गुरुसिद्धप्पा मास्तर याचा साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नसल्यानं नमस्कार सहाच अंगांनी घातला आहे, दोन गुडघे वजा धरावेत.) तुमचं पत्र मागच्या गुरुवारी पावलं. वहिनींची दाढ काढली हे वाचून वाईट वाटलं आणि त्यानंतर दोन दिवस त्यांना बोलता आलं नाही हे वाचून तुमचा हेवा वाटला. आमच्याकडं पाऊसपाणी बरं आहे. मूग-उडीद घरात आले, रब्बीच्या जोंधळ्यासाठी लोक रानं तयार करताहेत. मोगलाईत सारी हयात उर्दूत अर्ज लिहिण्यात गेली, त्यामुळं माझ्या मराठीत कुठं चूक दिसली तर सरकार बदलल्याचा परिणाम समजून पोटात घालावी. अक्षरही या खेपेला जरा डोंगर चढल्यासारखं वर गेलंय. ते कागदामुळं.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय की झिनियाला फुलं आली का, आणि आणखी बी पाठवू का. अण्णा, फुलं आली. बी पाठवू नका. खरं तर पत्र इथंच संपतं, पण अडतीस वर्षं मास्तरकी केल्यावर कारणं दिल्याशिवाय उत्तर पुरं झालंसं वाटत नाही.

आधी महत्त्वाचं. तुमची बहीण, आमची सुगलाबाई, गेले नऊ दिवस तापानं हैराण आहे. घाबरू नये. नळदुर्गचे डॉक्टर दोनदा येऊन गेले. (डॉक्टर तरुण आहेत, जरा भांबावलेले. पहिल्या खेपेला तिला तपासायला आले आणि जीभ मला काढायला लावली. दुसऱ्या खेपेला तिची सुई मलाच टोचून गेले. मी बोललो नाही. आलेल्या माणसाला चुका दाखवल्या की तो पुन्हा येत नाही, हे मी शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांच्या बाबतीत पाहिलंय.) पण तापापेक्षा मोठी अडचण अशी की तिला उशाशी फुलं हवीत. झिनियाची. परसात साठ फुलं तयार उभी आहेत आणि मी तिला त्यातलं एकही द्यायला तयार नाही. घरात आम्ही दोघंच, त्यात हा अबोला. ती तुमचं ऐकते. थोरल्या भावाच्या नात्यानं दोन खरमरीत ओळी लिहून तिला हा हट्ट सोडायला लावावा, एवढ्यासाठी हे पत्र. मी एवढा कठोर का झालो, ते आता सविस्तर.

गुन्हा मुळात तुमचा. गेल्या साली हर्नियाच्या ऑपरेशनला मी सोलापूरला तुमच्या दवाखान्यात अकरा दिवस पडून होतो. शेजारच्या खाटेवर गिरणीतले कुणी बाबू होते. त्यांना भेटायला येणारा प्रत्येक जण लांब देठांच्या फुलांचा जुडगा आणी आणि उशाशी काचेच्या पेल्यात ठेवी. मला भेटायला येणारा प्रत्येक जण खारे शेंगदाणे आणी. ते मला डॉक्टरांनी मना केले होते, म्हणून आणणाराच ते खाऊन जाई. मला त्या फुलांचा लोभ पडला. माणूस आजारी असताना कुणीतरी त्याच्यासाठी रंग घेऊन येतं, ही गोष्ट मला फार सुधारलेली वाटली. तुम्ही कंपाउंडरकीतून वेळ काढून गिरणीच्या मॅनेजरच्या माळ्याकडून बियांची पुडी आणून दिलीत. वर त्या माळ्याला माझ्या खाटेपाशी उभं करून लागवडीचा धडाही द्यायला लावलात.

तो धडा मी शब्दशः पाळला. मृगात न्हाणीच्या पाण्यावर चार ओळी लावल्या. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा म्हणजे बगलफांद्या फुटतात, तो खुडला. (पहिलीच्या वर्गातले कान पिरगाळण्याची सवय इथं कामी आली.) पाणी मुळाशीच दिलं, पानांवर पडू दिलं नाही, नाही तर पांढरी भुरी धरते. फूल कापायचं ते सकाळी, आणि कापण्याआधी देठ धरून हलवून बघायचं. मान लटलटली तर कच्चं, पेल्यात ठेवताच मान टाकतं. मान ताठ राहिली तर तयार. आणि शेवटचं म्हणजे कापायला भ्यायचं नाही. एक कापलं की त्याच्या जागी दोन येतात, कापणं थांबवलं की झाड बी धरतं आणि म्हातारं होतं. माळ्याचं हे बोलणं मला तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं होतं.

श्रावणात फुलं आली. तांबडी, पिवळी, केशरी, गुलाबी, एकेक फूल पेल्याच्या तोंडाएवढं. वास मात्र शून्य. आणि इथं पहिली पंचाईत झाली, की ती घेणार कोण? जंगमस्वामींनी एक फूल नाकाशी नेलं आणि महादेवालाही नाक आहे एवढंच बोलून परत दिलं. तुळजापूरच्या फूलवाल्याकडं मोटारीनं टोपलीभर पाठवली. ती संध्याकाळच्या मोटारीनं जशीच्या तशी परत आली, वर त्यानं पानाचा एक विडा ठेवला होता, बहुधा सांत्वनासाठी. बायकांनी केसांत खोवून पाहिली, पण देठ असा राठ की डोक्यात मेख मारल्यागत होतं म्हणाल्या. शेळीनंही तोंड लावलं नाही. इकडं कापावं तेवढी वाढत होती. घरातले पेले, तपेल्या, लोटे, शाईची रिकामी बाटली, सगळं फुलांनी अडवलं आणि सुगलाबाईला पाणी प्यायला ओंजळ तेवढी उरली. तेव्हा मला दवाखान्याची ती सुधारलेली रीत आठवली.

आता मी कुठं चुकलो, ते कबूल करतो. आपल्याकडं फूल तीनच ठिकाणी जातं, देवाच्या डोक्यावर, बाईच्या डोक्यात आणि मढ्याच्या अंगावर. आजारी माणसाच्या घरी जाऊन त्याच्या उशाशी फुलं ठेवायची, ही रीत जळकोटात कुणाला ठाऊक नव्हती. फुलं बघून माणूस साहजिकच विचार करतो, की मी देव नाही, बाई नाही, मग उरलो कोण?

पहिला दगडोबा. समोरच्या आळीतला शेतकरी, कडब्याच्या गंजीवरून पडून पाय मोडलेला, पण हाड जुळत आलं होतं. सोमवारी मी अकरा तांबडी फुलं आमच्याच पितळी पेल्यात घालून घेऊन गेलो. गडी उठून बसला होता, बायकोवर ओरडत होता, म्हणजे प्रकृती उत्तम. फुलं बघून त्यानं मला विचारलं, "मास्तर, ही कुणाला?" मी म्हटलं, तुम्हालाच. पेला मी उशाशी ठेवला, दवाखान्यात ठेवायचे तसाच. गुरुवारी सकाळी भाकरीचा तुकडा मोडता मोडता दगडोबा गेला. पायातली गाठ काळजात गेली म्हणतात, असं होतं. पण दहाव्याच्या दिवशी त्याच्या घरची माणसं पेला परत द्यायला आली तेव्हा ती अकराही फुलं तशीच होती. पाणी कुणी बदललं नव्हतं, पाकळी गळली नव्हती. त्यांना ती टाकायचं धाडस झालं नव्हतं, म्हणून फुलांसकट पेला माझ्या हातात ठेवून मागं न बघता गेली.

दुसरी हमिदाबी. दादामियाँ शिंप्याची आई, वय ऐंशीच्या पुढं, दम्यानं घरी पडून. ही मात्र फुलं बघून अशी खूश झाली की मला वाटलं, गावात एक तरी सुधारलेलं माणूस आहे. आठ पिवळी फुलं होती. एकेकाला बोट लावून ती नावं ठेवू लागली. ये बडे अब्बा, ये मेरी खाला, ये दादामियाँ के वालिद. सात फुलांना सात गेलेली माणसं झाली. आठव्यावर तिनं हात ठेवला, जरा थोपटलं आणि हसून म्हणाली, "अन् ये मैं." मंगळवारी ही गोष्ट, शुक्रवारी नमाजाच्या आधी ती गेली. दादामियाँ स्वतः सांगायला आला. त्याची तक्रार काहीच नव्हती. अम्मा खुशीत गेली म्हणाला. पण बोलताना तो दारातच उभा राहिला, उंबरा ओलांडून आत आला नाही, आणि वीस वर्षं तो माझ्याकडं रोज चहाला येत होता.

दोन माणसं जाणं याला मी योगायोग म्हणतो. गणितात दोन उदाहरणांवरून नियम काढत नाहीत. म्हणून तिसरं उदाहरण मी धडधाकट निवडलं. बलभीम म्हणजे तालमीतला गडी, पाठीवर नुसतं गळू झालेलं. मी फुलं घेऊन आळीच्या तोंडाशी दिसलो मात्र, बलभीम पालथा पडलेला होता तो तसाच उठला, मागची भिंत चढला आणि उघड्या अंगानं मोटार गाठून तेरला सासुरवाडीला गेला. तिथं गळू फुटून तो ठणठणीत झालाय. पण मास्तरची फुलं वाळल्याचं लेखी मिळाल्याशिवाय गावात पाऊल टाकणार नाही, असा त्याचा निरोप आहे.

यानंतर जळकोटची तब्येत एकदम सुधारली. मी रस्त्यानं निघालो की कुणी खोकत नाही. शिंक आली तर माणूस तोंडात उपरणं कोंबतो. काठी टेकत चालणारे म्हातारे मला बघून काठी खाकोटीला मारतात आणि तरुणासारखे पुढं निघून जातात. वैद्यबुवा माझ्याशी बोलत नाहीत, त्यांचं दुकान बसलं. सकाळी परसात माझी कात्री वाजली की शेजारच्या घरांतून बोलणं थांबतं आणि किती वेळा वाजते ते मोजलं जातं. आणि कुणी गेलं की आता लोक देवाघरी गेलं म्हणत नाहीत, "त्येला मास्तरचं फूल आलं" म्हणतात, मग तो बैलाच्या लाथेनं का गेला असेना. मी हसून सोडून देत होतो. खरंच सांगतो अण्णा, कोंडाबाईपर्यंत मी हसत होतो.

कोंडाबाई चार वर्षं अंथरुणावर होती. सूनबाई लक्ष्मीबाई सगळं करायची, पण चार वर्षं म्हणजे चार वर्षं. एके दिवशी म्हातारीनं निरोप धाडला, मास्तरला म्हणावं मला पण एक जुडगा दे. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा निरोप. आठ दिवस रोज निरोप. नवव्या दिवशी लक्ष्मीबाई स्वतः आली. वाफ्याच्या कडेला बसली आणि तासभर नुसती फुलांकडं बघत राहिली. मग पदर झटकून निघून गेली. ती मागायला आली होती की देऊ नका सांगायला, ते मला अजून कळलेलं नाही. पण सुगलाबाईला म्हातारीची दया आली आणि मला न सांगता ती पाच गुलाबी फुलं देऊन आली. कोंडाबाईनं तिसऱ्या दिवशी न्हाऊन घेतलं, दूधभात खाल्ला, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि भर दुपारी हसत हसत गेली.

आणि मग ज्याची भीती मला वाटायला हवी होती ते सुरू झालं. लोक फुलांना भिईनासे झाले. गेल्या पंधरवड्यात हैदराबादकडून येणाऱ्या मोटारीतून एक अनोळखी गृहस्थ उतरला. धोतर स्वच्छ, बोलणं गोड, हातात रिकामी पिशवी. घरात एक म्हातारं माणूस आहे म्हणाला, सावत्र आई. मग त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "मास्तर, एका माणसाला किती फुलं लागत्यात?" मी त्याला हाकललं. तो रागावला नाही. पुन्हा येतो म्हणाला, आणि जाता जाता वाफ्याकडं बघून कौतुकानं मान हलवली. तो गेल्यावर मी परसाच्या दाराला आतून कडी घातली. आयुष्यात मी कुणाला एक थप्पड मारली तरी संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन गूळ देऊन आलो आहे. आणि माझ्या परसात लोक हे मागायला येऊ लागले होते.

झाडं उपटून टाकायची ठरवून मी भर उन्हात वाफ्यात उतरलो. पहिल्या झाडाचा देठ धरला आणि सवयीनं हलवला. मान ताठ. दुसऱ्याचा हलवला, ताठ. साठच्या साठ ताठ. एवढी सगळी एकाच दिवशी तयार होत नाहीत, माळ्याला विचारून बघा. मी हात मागं घेतला. मला वाटलं, ही कुणासाठी तरी तयार होऊन उभी आहेत, आणि आता ती माझी राहिलेली नाहीत. घरात आलो, तर त्याच दिवशी सुगलाबाईला ताप चढलेला. (मलाही उन्हानं जराशी कणकण आली होती, ती वेगळी.)

तापातसुद्धा तिला स्वस्थ पडवत नाही. उठते, चूल पेटवते, पेज करते आणि ती मलाच पाजते. कपाळावर ठेवायची ओली पट्टी स्वतःच्या ऐवजी माझ्या कपाळावर ठेवते. तिच्या काळजीनं माझे दातावर दात वाजतात आणि समोरची भिंत थोडी पुढं येऊन मागं जाते. फुलं ती तोंडानं मागत नाही. पण मला ऐकू येतं, साऱ्या गावाला वाटलीत, मग घरच्या माणसालाच का नाही? दिवसभर ऐकू येतं. उत्तर काय देऊ? गावावर माझा लोभ होता अण्णा, पण तिच्याशिवाय मला जगता येणार नाही. हे अडतीस वर्षांत मी तिला सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही सांगू नये.

काल दुपारी दगडोबा, हमिदाबी आणि कोंडाबाई येऊन ओसरीवर बसली होती. तिची चौकशी करायला आली असावीत. ज्याची त्याची फुलं ज्याच्या त्याच्या मांडीवर होती आणि ताजी होती. मी पाणी विचारलं. (गेलेल्या माणसांना पाणी विचारावं की नाही, ठाऊक नाही, पण आल्यागेल्याला विचारण्याची सवय सुटत नाही.) कुणी घेतलं नाही. एक मात्र खटकलं. आजारी माणूस चुलीपाशी बसलेला, आणि ही तिघंही तिकडं न बघता एकटक माझ्याकडंच बघत होती. खेडवळ माणसं, रीत कुठली असणार!

तरी पत्र लगेच लिहावं. वहिनींना नमस्कार, दाढेला विश्रांती.

तुमचा,
गुरुसिद्धप्पा

ता. क. माळ्याला एवढं विचारून कळवावं, की कापणं थांबवून नऊ दिवस झाले तरी झिनिया बी का धरत नाही, आणि एकही फूल जुनं का होत नाही?

ता. क. दुसरा. तापात सुगलाबाई काहीबाही बोलते. ताप तिला नाही, मलाच आहे, असं ती परवापासून म्हणू लागली आहे आणि डॉक्टरांनीही तिचं मन राखायला मान डोलावली. तिनं पत्राच्या खाली काही खरडलंच, तर तेही तापातलं समजून सोडून द्यावं.

अण्णा, म्या सुगला लिहिते. ह्यांनी शिकवलं तेवढ्यात लिहिते, समजून घ्या. मला ताप न्हाय. ताप ह्यांनाच हाय, आज अकरावा दिवस. डॉक्टर म्हणत्यात सोलापूरला न्या. हे म्हणत्यात बायको आजारी सोडून कसा जाऊ. म्या फुलं कवा मागितली न्हाईत. हेच मागत्यात. फुलं दे, फुलं दे, लेकरावानी तोंड करून. लगीन झाल्यापास्नं ह्यांनी मागितलं अन् म्या दिलं न्हाय असं झालं न्हाय. गाव म्हणतं त्ये म्या खरं धरत न्हाय. पर हात होईना. कात्री लपवून ठिवली. आज सकाळी म्या दूध तापवत व्हते तवर हे भिंत धरधरून परसात गेले अन् हातानंच सात फुलं तोडली. छातीशी धरून वाफ्यात बसले व्हते. लई वढली, सोडंनात. मग म्हनलं, माझ्यासाठीच तोडली न्हवं, द्या की मग मला. तसे हसले, अन् दिली. म्या घेतली. पेल्यात पाणी घालून माझ्याच उशाला ठिवलीत. तवापास्नं ह्यांना घाम सुटलाय, डोकं ठिकाणावर आलंय, पेज मागून प्याले अन् निवांत निजलेत. मला बरं वाटलं. पत्र डाकेत टाकत न्हाय, मोटारीच्या कंडक्टरकडं देते. आज बुधवार हाय. शनिवारच्या आत या, अण्णा. ह्यांना चूल पेटवाय येत न्हाय.